ह्यो बरा हाय

सिस्टरनं लॅमिनेट केलेला एक तक्ता आज्जीच्या डोळ्यांसमोर धरला. त्यावर एका ओळीत सहा गोल चेहरे होते. डावीकडचा पहिला तोंडभर हसणारा. पुढं ओठ सरळ होत जातात, मग खाली वळतात, आणि सहाव्याच्या डोळ्यांतून टपोरे थेंब पडतायत.

"आजी, कितपत दुखतंय? यातला कुठला चेहरा?" सिस्टरनं मोठ्यानं विचारलं.

आज्जीनं डोळे बारीक करून सगळे चेहरे न्याहाळले आणि पहिल्यावर बोट ठेवलं.

"ह्यो बरा हाय."

सिस्टर हसली, कागदावर काहीतरी लिहून शेजारच्या कॉटकडं गेली. मीही हसले. आमची आज्जी खमकी आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तिच्या डाव्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि मोडून तो चौथा दिवस होता.

शुक्रवारी सकाळी उंब्रजच्या घराच्या परड्यात, शेळीला पाला टाकताना, शेवाळावरून तिचा पाय घसरला. ऑगस्टचा पाऊस. "जरा लचकलंय" असं सांगून ती भिंतीला धरून धरून आत आली. आईनं आंबेहळदीचा लेप लावला. पप्पा दवाखान्यात चल म्हणाले तर "मला काय धाड भरलीया" हे ठरलेलं उत्तर. रविवारी संध्याकाळी मी पुण्यावरून व्हिडिओ कॉल केला. आईनं फोन आज्जीसमोर धरला. आज्जी कॉटवर बसलेली, चक्क छान हसत होती. जेवलीस का, पाऊस हाय का, सुट्टी कधी, हे नेहमीचे तीन प्रश्न झाले. मला तो चेहरा इतका आवडला की मी स्क्रीनशॉट काढून स्टेटसला लावला. सोमवारी सकाळी तिला उठताच येईना, तेव्हा पप्पांनी गाडी काढून वीसेक किलोमीटरवरचं कराड गाठलं.

आता जरा माझ्या धंद्याबद्दल सांगते, कारण त्याशिवाय माझ्या फजितीची खोली कळणार नाही. मी पुण्यात जपानी भाषेची दुभाषी म्हणून काम करते. आमच्या मीटिंगा संपल्या की मॅनेजर मला बाजूला घेऊन शब्दांचा अर्थ विचारत नाहीत, तो त्यांना मीटिंगमध्येच कळलेला असतो. ते विचारतात, "तो शेवटी हसला, त्याचा अर्थ काय?" समोरचा जपानी माणूस "विचार करून कळवतो" म्हणत सौम्य हसला, तर बहुतेक वेळा ते काम होत नाही, हे मी त्यांना सांगते. त्या हसण्याला जपानीत वेगळा शब्दच आहे, आइसो-वाराइ, म्हणजे समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून केलेलं हसू. नकार देताना, चूक कबूल करताना, कधी स्वतःच्या घरची दुःखाची बातमी सांगतानाही ते येतं. शिकताना वर्गात आम्हाला वॉलेस फ्रीझन यांचा 1972चा प्रयोग सांगितला होता. अमेरिकन आणि जपानी विद्यार्थ्यांना अंगावर काटा आणणाऱ्या फिल्म दाखवल्या. एकटे असताना दोघांचे चेहरे साधारण सारखेच वेडेवाकडे झाले. खोलीत प्रयोग घेणारा माणूस येऊन बसला, तेव्हा जपानी विद्यार्थी जास्त हसू लागले. या प्रयोगाच्या अर्थावर पुढं बरीच भांडणं झाली, पण मला तो पाठ होता आणि मी तो लोकांना ऐकवायचेही. एवढंच काय, जपानी लोक मेसेजमध्ये हसरा चेहरा काढतात तो डोळ्यांनी, कंसात दोन टोकदार डोळे आणि मध्ये एक रेघ. पाश्चात्त्य लोक काढतात तो तोंडानं, दोन ठिपके आणि एक कंस. बघायचं कुठं, हेसुद्धा माणूस शिकतो. हे सगळं ज्ञान बॅगेत घेऊन मी कराडच्या त्या हॉस्पिटलात आज्जीच्या कॉटखाली चटई टाकून झोपले.

रात्री दोनच्या सुमाराला जाग आली. वॉर्डात एकच दिवा, बाहेर पाऊस, खिडकीतून गार वारा. आज्जी जागी होती. पदराचं टोक तोंडात, आणि नजर छताला.

"दुखतंय का गं?"

तिनं हनुवटी किंचित वर उडवली आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला, "च्च."

आमच्याकडं हा आवाज म्हणजे 'नाही'. शब्द खर्च न करता दिलेलं उत्तर. 'चहा घेणार?' 'च्च.' 'एसटी आली का?' 'च्च.' मी पुन्हा आडवी होणार होते, पण उठता उठता माझा हात तिच्या कपाळाला लागला. कपाळ घामानं ओलं होतं. त्या गार वाऱ्यात. मग मी कॉटच्या दांडीवरचा तिचा हात बघितला. बोटं पांढरी पडली होती. पदराचं टोक हळूच ओढलं, तर ते चावून चावून लगदा झालेलं.

मी सिस्टरला बोलावलं. रात्रपाळीच्या सिस्टरनं आधी कागद बघितला. "दुखत नाही म्हणून नोंद आहे," ती म्हणाली, आणि मग आज्जीकडं बघून काही न बोलता इंजेक्शन भरायला गेली. गोळी दिलेलीच होती; त्यावरचं इंजेक्शन 'लागलं तर' द्यायचं होतं, आणि ते लागतंय हे कळायची एकच वाट होती, तो तक्ता. तिथं कुणाचं चुकलं असं मला अजूनही म्हणता येत नाही. संध्याकाळी त्या तक्त्याला हसणाऱ्यांत मी होते.

आज्जी सकाळपर्यंत झोपली. चहा पाजताना मी विचारलं, "काल तो हसरा चेहरा का दाखवलास?"

"आगं, ती पोरगी इचारत हुती त्यातला कुठला बरा. आता रडकं तोंड कुणी बरं म्हणल का?"

"ती विचारत होती तुझं किती दुखतंय ते."

आज्जी जरा गप्प बसली. मग म्हणाली, "आन् तिचंच तोंड बघायचं हुतंस की. सकाळपास्नं उभी हुती ती. तिला आनि कशाला माझं रडगाणं?"

मला ही दोन उत्तरं वाटली. एक प्रश्न न समजल्याचं आणि एक प्रश्न पुरता समजल्याचं. यातलं खरं कुठलं, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता. तिच्या लेखी ते एकच उत्तर होतं.

ऑपरेशनला दोन दिवस होते. माझ्या हातात फोन होता आणि झोप नव्हती. मी त्या तक्त्याचा माग काढला. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात डोना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनी तो तयार केला, भाजलेल्या लहान मुलांसाठी. मुलांना आकडे आणि शब्द सांगता येईनात, म्हणून चेहरे. कल्पना साधी आणि दयाळू आहे, आणि तिचा जगभर उपयोग झाला. पण पुढं काही संशोधकांना वाटलं, की पहिला चेहरा हसरा ठेवला तर 'दुखत नाही' आणि 'आनंदात आहे' यांची गल्लत होते, आणि शेवटच्याला अश्रू दिले तर न रडणारा माणूस तिथवर पोचतच नाही. 2001मध्ये आलेल्या एका सुधारित तक्त्यात त्यांनी हसूही काढलं आणि अश्रूही. आमच्या आज्जीची अडचण त्यांनी बरोब्बर हेरली होती, फक्त तो तक्ता आमच्या वॉर्डात नव्हता.

चेहरे पुढं ठेवून 'यातला निवडा' म्हणायची ही रीत जुनी आहे. पॉल एकमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ 1967-68 साली पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात फोरे लोकांकडं गेले. तिथं सिनेमे, मासिकं फारशी पोचली नव्हती. ते छोटी गोष्ट सांगायचे, मूल दगावलं, मित्र भेटायला आला, अशी, आणि फोटो पुढं ठेवून विचारायचे, यातला हा माणूस कुठला? बऱ्याच गोष्टींत फोरे लोकांनी अमेरिकनांसारखेच फोटो निवडले. भीती आणि आश्चर्य मात्र त्यांना वेगळं करता येईना. यातूनच माणसाच्या मूळ भावनांचे चेहरे जगभर एकच असतात, हे मत पसरलं. 2016मध्ये त्याच देशातल्या ट्रोब्रियंड बेटांवरच्या पोरांना काहींनी पुन्हा फोटो दाखवले, तर डोळे विस्फारून तोंड वासलेला चेहरा, ज्याला आपण 'घाबरलाय' म्हणू, तो त्यांना धमकावणारा, चिडलेला वाटला. आता आपल्या फोनचा कॅमेरा चेहरा बघून मूड सांगायचा दावा करतो. युरोपीय संघानं फेब्रुवारी 2025पासून नोकरीच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजांत असल्या यंत्रांना बंदी घातली. वैद्यकीय कारणासाठी मात्र सूट आहे. म्हणजे आज्जीसमोर तसला कॅमेरा ठेवता येईल. त्यानंही पहिलंच बोट ठेवलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते डार्विननं. 1867मध्ये त्यानं जगभरच्या साहेबांना, मिशनऱ्यांना सोळा प्रश्नांची यादी पाठवली. आश्चर्य वाटलं की तिथल्या लोकांच्या भुवया वर जातात का, शरमेनं चेहरा लाल होतो का, आणि रंग सावळा असेल तर ते दिसतं का, असले प्रश्न. छत्तीस जणांची उत्तरं आली, आणि 1872मध्ये त्यावर त्याचं पुस्तक निघालं. हिंदुस्थानातली माहिती पाठवणाऱ्यांत एच. अर्स्किन म्हणून एक साहेब होता. त्यानं देशाच्या निरनिराळ्या भागांत लक्षपूर्वक बघितलं, पण खात्रीचं काही सांगता येईना. कारण डार्विननं नोंदवलंय, की युरोपियनांच्या समोर इथले लोक आपल्या भावना सवयीनं झाकून ठेवतात. मला तो साहेब डोळ्यांसमोर आला. हातात वही, समोर लोक, आणि सगळ्यांचे चेहरे बंद दारासारखे. लोकांचे चेहरे का मिटले, याचं कारण त्यांच्यासमोर खुर्चीत बसलं होतं. त्याच पुस्तकात पुढं अर्स्किनच्याच हवाल्यानं लिहिलंय, की 'नाही' म्हणायला हिंदू लोक बहुधा डोकं झटक्यानं मागं आणि जरा बाजूला नेतात आणि जिभेनं एक आवाज करतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकात आज्जीचा 'च्च' सापडल्यावर मी वॉर्डात एकटीच मोठ्यानं हसले. आज्जी म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "च्च."

आमच्या फॅमिली ग्रुपवर तेव्हा वेगळाच गोंधळ चालला होता. पप्पांनी आज्जीच्या ऑपरेशनची बातमी टाकली, तर आत्यानं खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चार चेहरे टाकले. तिला ते रडके वाटले होते. चुलतभावानं फोन करून सांगितल्यावर तिनं जीभ चावली असणार. मी बघितलं नाही, पण माझी खात्री आहे, कारण चूक लक्षात आली की आमच्या घरातल्या सगळ्या बायकांची जीभ दातांत जाते. हेही सगळीकडचं नाही. उषा मेनन आणि रिचर्ड श्वेडर यांनी 1994मध्ये भुवनेश्वरातल्या लोकांचं म्हणणं मांडलं, की कालीची बाहेर आलेली जीभ म्हणजे लज्जा. शिवाच्या अंगावर पाय पडला हे कळल्यावर चावलेली जीभ. बाहेरच्या माणसाला त्याच जिभेत नुसता संताप दिसतो.

तर, झाकणं. मी लहानपणी आज्जीला दोनच रूपांत बघितलंय. एक घरातलं, जिथं तिच्या चेहऱ्यावर काहीच हलत नसे. दुसरं मयताच्या घरचं. गावात कुणी गेलं की बायका आज्जीला हाक मारून घेऊन जायच्या. बोळाच्या तोंडाशी पोचेपर्यंत ती शेजारणीशी शेळीच्या दुधाबद्दल बोलत असायची, आणि वळण आलं की असा गळा काढायची की माझ्या अंगावर शहारे यायचे. गेलेल्या माणसाचे गुण, त्यानं कधी दिलेली ऊसाची कांडी, सगळं त्या रडण्यात सुरात यायचं. तिथल्या बाईच्या गळ्यात पडून रडून झालं, की पदरानं तोंड पुसून ती विचारायची, "पोरांनी च्या घेतला का?" लहानपणी मला हे ढोंग वाटायचं. पुढं कॉलेजात तर मी ते मैत्रिणींना नक्कल करून दाखवायचे. आता वाटतं, तिला रडायला परवानगी असलेली ती एकच जागा होती, आणि ती तिथं कुणाकुणासाठी रडून घेत होती, कोण जाणे.

आबा परळच्या गिरणीत होते. साताऱ्याकडची घरंच्या घरं तेव्हा गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालायची. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांसाठी तो संप कधी संपलाच नाही. आबा एक दिवस पत्र्याची ट्रंक घेऊन उंब्रजच्या स्टँडवर उतरले. आज्जीला कुणीतरी निरोप दिला, ती दारात जाऊन उभी राहिली. हे तिनं मला त्या हॉस्पिटलात, ऑपरेशनच्या आदल्या रात्री सांगितलं. त्याआधी कधीच नाही.

"मग तू काय केलंस?"

"काय करायचं? पानी दिलं. भाकरी टाकली."

"रडली नाहीस?"

"तोंडावर दाखिवलं असतं, तर ते उंबऱ्यावरनंच माघारी गेलं असतं."

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव आहेत, रती, हास, शोक वगैरे. ते आपल्याला नृत्याच्या कार्यक्रमांमुळं ऐकून माहीत असतात. त्यांच्याबरोबर तेहेतीस व्यभिचारी भाव आहेत, येऊन जाणारे. त्यातल्या एकाचं नाव अवहित्थ. चेहरा, आकार झाकून ठेवणं. लाजेनं, भीतीनं, हार झाली म्हणून, कुणाचा मान राखायचा म्हणून, कधी कपटानंही. मला हे वाचून हायसं वाटलं. झाकण्याला तिथं स्वतःचं नाव आहे. ते भावांच्या यादीत बसवलंय, त्याचा अभिनय नटाला शिकावा लागतो. आणि आठ सात्त्विक भाव वेगळे काढलेत, जे ठरवून आणता येणं कठीण: घाम, शहारे, आवाज फुटणं, कंप, रंग उडणं. अर्स्किन चेहरे बघत राहिला. मीही चेहराच बघत होते. आज्जीनं चेहरा पुरता ताब्यात ठेवला होता; कपाळावरचा घाम तेवढा तिच्या हातात नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी ती आत असताना पप्पा बाकावर मोबाइल उलटा धरून बसले होते, बंद. त्यांचा चेहराही आज्जीसारखाच. मी काही बोलले नाही, चहा आणून दिला. मग त्यांनाच काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, "बरी झाली की चाफळला नेऊ हिला." उंब्रजपासून चाफळ दहा-बारा किलोमीटर. समर्थांच्या अकरा मारुतींतले दोन तिथं आहेत, एक आमच्या उंब्रजलाही आहे. चाफळच्या राममंदिरासमोर दास मारुती हात जोडून उभा असतो, आणि देवळाच्या मागं प्रताप मारुती, ज्याला वीर मारुतीही म्हणतात. देव एकच, गाव एकच. रामासमोर एक रूप, पाठीमागं दुसरं. लहानपणी मी पप्पांना विचारलं होतं, यातला खरा कुठला? त्यांनी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक भेळ घेऊन दिली.

आज्जी गुंगीत असताना मी फोनमधला तो रविवारचा स्क्रीनशॉट उघडला. आज्जी हसतेय, तोंड उघडं, वरचे दोन दात दिसतायत. स्टेटसला त्रेचाळीस जणांनी बदाम पाठवले होते. मी डोळे मोठे करून बघितले, डोळ्यांच्या कडा बघितल्या, जपान्यांकडून शिकलेलं सगळं लावून बघितलं. काही ठरेना. आणि मग एकदम लक्षात आलं, की या फोटोत पदर नाहीये. आज्जी लग्न होऊन 1963 साली या घरात आली तेव्हा सुनेचे दात दिसता कामा नयेत असा सासूचा दंडक होता. सासू जाऊन तीस वर्षं झाली, तरी आज्जीला हसू आलं की पदर आपोआप तोंडावर जातो. तिचं खरं हसू आमच्यापैकी कुणी कधी पूर्ण बघितलेलंच नाही. ते खांदे हलण्यावरून ओळखायचं असतं. रविवारी पदर वर गेला नाही. मी फोटो मोठा केला. खालच्या कडेला तिचे दोन्ही हात अर्धवट आले होते. तिनं कॉटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

मी तो स्टेटस कधीच गेला असूनही पुन्हा तपासला. फोटो पुसला नाही.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तीच दिवसपाळीची सिस्टर तक्ता घेऊन आली. या वेळी तिनं खुर्ची ओढली आणि बसली. "आजी, खरं सांगायचं हां."

आज्जीनं तक्ता हातात घेतला. एकदा सिस्टरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग तक्ता माझ्यापुढं सरकवला.

"हिला कळतंय. हिला इचार."

मी बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. कपाळ कोरडं होतं. हात चादरीवर सैल पडले होते, पण डाव्या पायाची बोटं आत वळलेली होती. मी पाचव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"एवढं न्हाई," आज्जी म्हणाली, आणि माझं बोट धरून चौथ्यावर आणून ठेवलं. सिस्टर म्हणाली, "तुमचं आधी ठरू द्या." आज्जीनं पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले.